संगणकाचा पडदा रुग्णाला उमगावा म्हणून



आपल्या देणगीतून बाह्यरुग्ण विभागात नोंदणीसाठी स्पर्शपडद्याचे यंत्र बसविले, तेव्हा खिडकीपुढील रांग ओसरेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात यंत्र रिकामे आणि रांग तशीच! लोकांना सवय नाही, असे मी मानले. परंतु दोन दिवस यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसल्यावर कळले, की उणीव पडद्यात होती.

पहिला अडसर जन्मतारखेचा. ती भरल्याविना पडदा पुढे सरकत नसे. आर्वी परिसरातील खेड्यांतून येणाऱ्या अनेक आजी वय सांगतात, तारीख नाही. अंदाजाने भरलेली तारीख पुढील भेटीत बदलते, एकाच रुग्णाचे दोन केसपेपर होतात आणि जुन्या केसपेपरवरील औषधाच्या ॲलर्जीची नोंद डॉक्टरांपुढे येतच नाही. येथे प्रश्न जिवाशी येतो. दुसरा अडसर नावाचा. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रीत. पडद्यावर रकाने दोनच. तिसरा बोटांचा. असे बहुतेक पडदे बोट टेकताच होणारा विद्युतभारातील सूक्ष्म बदल ओळखतात. कापूस वेचून कोरडी, राठ झालेली बोटे त्यांना नीट उमगत नाहीत. त्यात बटणे लहान व जवळजवळ असली, की भलतेच दाबले जाते.

या विषयाचे जागतिक निकष उपलब्ध आहेत. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराचे अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे आणि अर्थ केवळ रंगाने सांगू नये, कारण काहींना लाल-हिरवा भेद कळत नाही. देवनागरीत मात्रा वर व उकार खाली येत असल्याने ओळींत अंतरही अधिक लागते. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आहेच. शिवाय ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग मानला.

त्यानुसार आम्ही पडदा बदलून घेतला. आता वय चालते, नावाचे रकाने तीन आहेत, अक्षरे ठळक मराठीत व बटणे मोठी आहेत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. खतावणीत नावे डावीकडे व जमा उजवीकडे. ती जागा रोज बदलत नाही, म्हणून हात चुकत नाही. त्याच न्यायाने ‘पुढे’ हे बटण आता प्रत्येक पानावर एकाच ठिकाणी आहे. दुहेरी केसपेपर रुग्णाला विचारून जोडण्याचे कामही सुरू आहे.

तरीही अंध रुग्णाला हा पडदा अद्याप निरुपयोगीच आहे. मराठीत वाचून दाखवणारी सोय होणे बाकी आहे आणि ती झाल्यावरही खिडकीवरील माणूस हलविला जाणार नाही. आपण यंत्रापुढे कोठे अडलात, ते अवश्य सांगावे. आपल्या देणगीइतकेच ते सांगणेही आम्हांस मोलाचे आहे.