पुलगावात ताप आणला कुणी?

पुलगावात कुणाला थंडी वाजून ताप भरला आणि स्लाइडवर हिवताप निघाला, की बोट लगेच बाहेरच्याकडे वळतं. गाव मुंबई-हावडा रेल्वेमार्गावर, दारूगोळा भांडारामुळे माणसांची ये-जा देशभरातून. त्यात रोगी गडचिरोलीकडून आलेला मजूर असला, तर चौकशीही होत नाही. हे मला सलतं, कारण पुरावा शोधता येतो, तोही जंतूच्या जनुकांत.

हिवतापाच्या परजीवीलाही जनुकं असतात. फॅल्सिपेरम या घातक जातीचा जनुकीय आराखडा २००२मध्ये वाचून झाला: १४ गुणसूत्रं, सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरं. त्यातल्या अवघ्या २४ जागा तपासून एक वाण दुसऱ्यापासून ओळखायची पद्धत २००८मध्ये मांडली गेली. कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंब अशा तपासणीला पुरतो. वाचली जातात ती जंतूची जनुकं, रोग्याची नव्हे.

मात्र जनुकांत गावाचा पत्ता लिहिलेला नसतो. नातं लिहिलेलं असतं. परजीवींचं मीलन डासाच्या पोटात होतं. हिवताप फार असतो तिथे एकाच रोग्याच्या रक्तात अनेक वाण सापडतात, डासात त्यांची सरमिसळ होते आणि नवी पिढी निराळी निघते. तो कमी असतो तिथे एकच वाण जसाच्या तसा पुढे जातो. समजा, पावसाळ्यात पुलगावात ५ रोगी निघाले. पाचही परजीवी जवळपास सारखे, आणि कुणीच गाव सोडलेलं नाही, तर साखळी इथल्याच डासांनी चालवली असणार. उघड्या टाक्या आणि डबकी इथेच शोधायची. पाचही एकमेकांना परके निघाले, तर ते बहुधा वेगवेगळ्या वाटांनी आलेत. पाचही जण एकाच जंगलात कामाला गेले असतील, तरी परजीवी सारखे निघू शकतात. म्हणून प्रवासाची विचारपूस हवीच. बांगलादेशात परजीवींची जनुकं, रोग्यांचा प्रवास आणि मोबाइलवरून कळणारी लोकांची ये-जा एकत्र जुळवून पाहिली. तो अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला.

व्हायवॅक्स जातीचा माग काढणं अधिक अवघड. हा जंतू यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी उठतो. ‘औषध घेतलं तरी ताप आला, म्हणजे पुन्हा डास चावला,’ असं आपण म्हणतो. अनेकदा तो जुनाच जंतू असतो. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पूर्ण १४ दिवस घ्याव्या लागतात. पण ताप उतरला की चौथ्या दिवशी पुडी फळीवर जाते.

उपचाराला मात्र जनुकांची वाट पाहायची नसते. स्लाइडवर जात कळली, की गोळ्या त्याच दिवशी सुरू होतात.