श्वासाचें चित्र

आपल्या अंबरनाथांत रासायनिक कारखान्यांचा उग्र दर्प वाऱ्यासरशीं येतो, तेव्हां आपण नाकास रुमाल लावितों. परंतु आंत घेतलेली हवा फुप्फुसाच्या कोणत्या कोपऱ्यांत पोहोंचते व कोठें पोहोंचत नाहीं, हें डोळ्यांनीं पाहतां येईल काय?

एम. आर. आय. यंत्र शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजन-अणुकेंद्रांचा संदेश टिपून चित्र काढितें. फुप्फुस मुख्यतः हवेनें भरलेलें. म्हणून तेथें चित्र काळेंच उमटतें. हवेच्या जोडीस झेनॉन वायु दिला, तरी त्याचीं केंद्रें जवळजवळ निम्मीं एका दिशेस व निम्मीं विरुद्ध दिशेस असल्यामुळें संदेश अत्यंत क्षीण येतो. यावर उपाय असा: लेसरच्या प्रकाशानें रुबिडियम धातूच्या वाफेंतील इलेक्ट्रॉन एका दिशेस वळवावयाचे, त्यांच्याशीं टकरा होतां होतां झेनॉनचीं पुष्कळशीं केंद्रेंहि एकाच दिशेस वळतात आणि संदेश हजारों पटींनीं बळावतो. सन १९९४ मध्यें उंदराच्या फुप्फुसाचें असें चित्र प्रसिद्ध झालें. डिसेंबर २०२२ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें बारा वर्षें व त्यापुढील वयाच्या रुग्णांसाठीं या वायूस मान्यता दिली.

मात्र हें बळ म्हणजे प्रवाशाची शिदोरी. वाटेंत ती पुन्हां भरतां येत नाहीं. प्रत्येक मोजणींत ती थोडी खर्च होते, फुप्फुसांतील प्राणवायु तिला झपाट्यानें नासवितो, आणि रुग्णानें श्वास रोखावयाचा तो दहा-पंधरा सेकंदच. म्हणून चित्र स्पष्ट व्हावें यासाठीं तीन युक्त्या योजितात. नैसर्गिक झेनॉनमध्यें उपयोगी असा १२९ भाराचा प्रकार सुमारें २६ टक्केच असतो; त्याचें प्रमाण वाढवितात. दर मोजणीस शिल्लक शिदोरींतून क्रमाक्रमानें मोठा वाटा घेऊन शेवटीं उरलेली सर्व संपवितात, म्हणजे प्रत्येक संदेश सारख्या जोराचा येतो. आणि मोजण्या कमी करून उरलेला तपशील संगणकाच्या गणितानें भरून काढितात.

येथेंच सावधगिरी हवी. चित्रांतील काळा डाग म्हणजे पुष्कळदां हवा न पोहोंचलेली जागा. तोच रोगाचा पुरावा. गणितानें खरखर पुसतांना तो डागहि पुसला गेला, तर चित्र सुंदर होईल आणि रोगी फसेल. विद्यार्थ्यांनों, प्रयोगाच्या आलेखावरील नकोसा बिंदु खोडण्यापूर्वीं हें अवश्य आठवा.