नादाचें दळण

दिवाळीच्या आधींच्या एका रविवारची गोष्ट. दुपारचीं जेवणें आटोपून घरांतील सारी मंडळी दिवाणखान्यांत बसली होती. आमचा धाकटा पुतण्या नाटकांना आणि लघुपटांना संगीत देण्याचें काम करतो. त्यानें आपला संगणक मध्यें आणून ठेवला, दोन स्पीकर जोडले आणि कोणास कांहीं न सांगतां कळ दाबली. खोलीभर एक नाद पसरला. तो तंबोऱ्याचा नव्हता, पेटीचाही नव्हता. आरंभ कोठें झाला हें कळूं नये आणि शेवट केव्हां होईल याचा अंदाज लागूं नये, असा तो अखंड, मृदु आणि किंचित् कंप पावणारा होता. कोणी म्हणालें सनई असावी, कोणी म्हणालें घाटांतला वारा. पुतण्या हसून म्हणाला, "ही आपली पणजी आहे!"

1983 सालीं आमच्या काकांनीं नव्यानें घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर आजीच्या ओव्या उतरवून ठेविल्या होत्या. चकलीची भाजणी जात्यावर दळतांना ती गात असे. जात्याची घरघर, बांगड्यांची किणकिण आणि तिचा आवाज असें तें सात-आठ मिनिटांचें ध्वनिमुद्रण आहे. आजीला जाऊन आतां तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. तिच्या आवाजाची दुसरी कोणतीही खूण आमच्या घरीं नाहीं. त्या कॅसेटमधील एका ओळीचे चार सेकंद पुतण्यानें उचलले होते आणि ते तीन मिनिटांपर्यंत ताणले होते. मुलें चकित झालीं, सुनांनीं शाबासकी दिली. आमच्या आत्याबाई मात्र गप्प होत्या. त्यांचें वय सत्त्याऐंशी. आजीच्या लेकरांपैकीं आतां त्याच एक उरल्या आहेत. थोड्या वेळानें त्या म्हणाल्या, "अरे, आवाज आईचाच आहे. पण ती श्वास कोठें घेते रे?"

या प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं कोणासच देतां आलें नाहीं. तें द्यावयाचें तर पुतण्यानें काय केलें होतें हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. हल्लीं पुष्कळ घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकावर संगीत रचीत बसलेली दिसते आणि वडील मंडळींस त्यांतलें कांहींच उमगत नाहीं. म्हणून ही विद्या काय आहे, ती कोणीं काढली आणि ती वापरतांना कशाचें भान ठेवावें, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांच्या घरीं ग्रामोफोन होता त्यांस एक गंमत आठवत असेल. मिनिटास 78 फेरे घेणारी तबकडी चुकून 33 च्या गतीनें लावली कीं गायिकेचा आवाज एकाएकीं पुरुषी आणि घोगरा होई. गति अर्धी केली तर सूर बरोबर एक सप्तक खालीं उतरतो; दुप्पट केली तर एक सप्तक वर चढतो. काळ आणि स्वर हे असे एकाच दाव्यानें बांधलेले होते. तें दावें सोडविण्याची युक्ति म्हणजेच ‘ग्रॅन्युलर सिंथेसिस’. आपण तिला कणसंश्लेषण म्हणूं.

युक्ति ऐकावयास सोपी आहे. आवाजाचे अगदीं बारीक तुकडे करावयाचे. एक कण सामान्यतः सेकंदाच्या हजाराव्या भागापासून दहाव्या भागापर्यंत लांब असतो. प्रत्येक कणाचीं दोन्ही टोकें हळुवार चढतीं-उतरतीं करावयाचीं, नाहींतर प्रत्येक सांध्यावर ‘कट्’ असा आवाज येतो. आतां एका सेकंदाचे वीस कण झाले असें समजा. ते एकामागून एक वाजविले कीं मूळ आवाज परत मिळतो. परंतु प्रत्येक कण दोनदां वाजविला, आणि एकाचें शेंपूट दुसऱ्याच्या डोक्यावर येईल अशा बेतानें ते रचले, तर एका सेकंदाचे दोन सेकंद होतात. कणाच्या आंतील कंपनें जशींच्या तशींच राहतात, म्हणून सूर तसूभरही हलत नाहीं. उलट प्रत्येक कण तेवढा जलद वाजवून कणांची रांग मात्र पूर्वींच्याच वेगानें पुढें नेली, तर सूर चढतो आणि काळ तेवढाच राहतो. जात्यांतून गहूं भरडला तर भरड निघते, आणखी दळला तर रवा, आणखी दळला तर पीठ. धान्य तेंच, पण त्यापासून काय रांधतां येईल तें दळणावर ठरतें. नादाचेंही तसेंच आहे.

ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. डेनिस गॅबर हे बुडापेस्ट येथें 1900 सालीं जन्मलेले शास्त्रज्ञ इंग्लंडांत काम करीत असत. होलोग्राफीच्या शोधाबद्दल पुढें 1971 सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. 1946 आणि 1947 सालच्या आपल्या निबंधांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, नाद हा केवळ अखंड लाटांचा न मानतां काळाच्या लहान लहान कणांचाही बनलेला मानतां येतो, आणि आपल्या कानाच्या व्यवहारास हेंच वर्णन अधिक जुळतें. ते केवळ कागदावर थांबले नाहींत. बोलपटाच्या फितीवरील ध्वनिरेषेपुढून फटी असलेलें चक्र फिरवून आवाजाचे तुकडे उचलावयाचे आणि सूर व काळ वेगळे करावयाचे, असा यांत्रिक प्रयोगही त्यांनीं केला.

संगीतांत ही कल्पना आणली ती यानिस क्सेनाकिस या ग्रीक संगीतकारानें. चंदीगड शहराची आखणी करणाऱ्या ल कॉर्बुझिए यांच्या पॅरिसमधील कचेरींत तो स्थापत्याचें काम करीत असे. 1958 सालच्या ब्रुसेल्स प्रदर्शनांतील फिलिप्स कंपनीच्या मंडपासाठीं त्यानें ‘काँक्रे पीएच’ ही लहानशी रचना केली. तिचें सारें साहित्य म्हणजे जळत्या कोळशाचा तडतडाट. त्याचे अगदीं लहान तुकडे कापून, एकावर एक रचून, त्यानें ठिणग्यांचा जणूं पाऊस पाडला. हें काम कात्री, फीत आणि चिकटपट्टी यांनीं करावयाचें होतें. किती चिकाटी लागली असेल याची कल्पनाच करावी.

त्याचें व्याख्यान ऐकून प्रभावित झालेल्या कर्टिस रोड्स या अमेरिकन तरुणानें 1974 सालीं सॅन डिएगो येथें हेंच काम संगणकाकडून करवून घेतलें. आज्ञा छिद्रें पाडलेल्या कार्डांवर द्यावयाच्या, चुंबकीय फीत दुसऱ्या संस्थेंत नेऊन तिचा नाद करवून घ्यावयाचा, असा तो खटाटोप होता. एका मिनिटाचा नाद कानीं पडावयास कित्येक दिवस लागत. पुढें कॅनडांतील बॅरी ट्रुॲक्स यांनीं असे कण तत्काळ, वाजवितां वाजवितां निर्माण करणारी यंत्रणा सिद्ध केली आणि 1986 सालीं ‘रिव्हररन’ ही रचना केली. थेंबासारख्या सुट्या कणांपासून ती सुरू होते आणि पाहतां पाहतां महानदीचें रूप घेते.

ज्यासाठीं रोड्स यांस दिवस मोजावे लागले तें आज पुतण्याच्या मांडीवरील संगणक निमिषांत करतो. संगीतरचनेच्या मुख्य प्रणालीस जोडावयाच्या लहान उपप्रणालीस ‘प्लगिन’ म्हणतात. रॉबर्ट हेन्के यांनीं ‘एबल्टन लाइव्ह’साठीं केलेला ‘ग्रॅन्युलेटर’, स्टाइनबर्ग कंपनीचें ‘पॅडशॉप’, आउटपुट कंपनीचें ‘पोर्टल’ हीं त्यांपैकीं कांहीं नांवें. पहिलीं दोन साठविलेल्या आवाजापासून नवें वाद्य घडवितात. तिसरें गात्या-वाजत्या आवाजावरच आपला संस्कार करतें. रूपें निराळीं असलीं तरी प्रत्येकांतील मुख्य खुंट्या बहुधा त्याच असतात.

पहिली खुंटी कणाच्या लांबीची. कण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा किंवा मोठा असला तर अक्षर ओळखूं येतें. त्याच्या निम्म्यावर आणला कीं शब्द विरतो, पण कंठाचा रंग राहतो. शतांश सेकंदाच्याही खालीं गेलों तर स्वर हरपून नुसती खरखर उरते. खर्जाच्या सुरांस तर याहून मोठे कण लागतात. पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारें 70 कंपनें करते. शतांश सेकंदाच्या कणांत तिचें एकही कंपन पुरें मावत नाहीं.

दुसरी खुंटी दाटीची. सेकंदाला पांच-दहा कण पडले तर पागोळ्यांसारखे सुटे ऐकूं येतात. विसाच्या पुढें गेले कीं कान मोजणें सोडून देतो आणि त्यांचा एकजीव प्रवाह होतो. तिसरी खुंटी स्थानाची, म्हणजे मुद्रणांतील कोणत्या जागेचे कण घ्यावयाचे याची. ती एकाच जागीं रोखली तर एखादा ‘आ’कार हवा तितका वेळ थांबून राहतो. चौथी विखुरण्याची. सेकंदाला शंभर कण अगदीं समान अंतरानें पाडले तर त्या नियमितपणाचाच एक भुणभुणणारा सूर उमटतो. म्हणून थोडी अनियमितता मुद्दाम ठेवावी लागते. पांचवी खुंटी कणाचा सूर, दिशा आणि डावी-उजवी बाजू बदलण्याची. नवशिक्यानें एका वेळीं एकच खुंटी फिरवावी, आणि मूळ आवाज व संस्कारित आवाज यांचें मिश्रण करतांना मूळ आवाजास आरंभीं अधिक वाटा द्यावा, म्हणजे काय बदललें तें कानास कळतें.

आतां आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. पुतण्यानें निवडलेले चार सेकंद म्हणजे एका ओळीचा लांबविलेला शेवट होता. श्वास त्याच्या पुढें होता. तो मुद्रणांत होता, पण निवडींत नव्हता. शिवाय श्वास निवडला असता तरी कणांत दळून त्याचा वाराच झाला असता. कणसंश्लेषण आवाजाचा रंग फार प्रामाणिकपणें जपतें. शब्द, श्वास आणि लय हीं मात्र काळाच्या ओघांतच जिवंत असतात. काळच विसकटला कीं तीं उरत नाहींत. म्हणून आवाज आईचा वाटला, पण आई तेथें नव्हती.

पुतण्यास आम्हीं एवढेंच विचारलें, "तूं कॅसेट शेवटपर्यंत ऐकलीस काय?" त्यानें ती ऐकली नव्हती, हवा तो तुकडा मिळतांच तो थांबला होता. त्या रात्रीं त्यानें ती सबंध ऐकली, आणि त्याच्या ध्यानांत आलें कीं आजी कोठेंही श्वास घेत नाहीं. ओळ संपते, जात्याचा फेरा पुरा होतो, हाताची ओढ सैल पडते, आणि तेथेंच तिचा श्वास पडतो. त्यानें पहिली रचना मोडली. या खेपेस त्यानें दळली ती जात्याची घरघर. तिचे कण करून, लांबवून, त्यांची एक संथ जमीन केली. आणि तिच्यावर आजीची एक ओवी, कोठेंही न कापतां, श्वासासकट ठेविली.

पाडव्याच्या दिवशीं ती आत्याबाईंस ऐकविली. त्यांनीं डोळे मिटून घेतले. ओवी संपल्यावर त्या म्हणाल्या, "हिच्या पुढची ओवी आई माझ्या मामावर म्हणे. ती यांत आली नाहीं." आणि ती त्यांनीं आपल्या थरथरत्या आवाजांत म्हणून दाखविली. पुतण्यानें यंत्र आधींच सुरू करून ठेविलें होतें, हें त्याचें शहाणपण.

शेतकऱ्याच्या घरीं कणगींतलें धान्य दळतात, बियाणें दळीत नाहींत. तें निराळें बांधून ठेवतात. नादाच्या दळणासही हाच नियम लावावा. घरांत जुन्या कॅसेट असतील तर फिती खराब होण्यापूर्वीं त्या संगणकावर उतरवून घ्याव्या. सेकंदास 48,000 नमुने आणि 24 बिट या प्रमाणानें, न आक्रसलेल्या वेव्ह स्वरूपांत त्या साठवाव्या. दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या, आणि प्रयोग करावयाचे ते तिसऱ्या प्रतीवर. दुसऱ्या कोणाचा आवाज दळावयाचा तर त्यास आधीं विचारावें. विचारण्यास तो माणूस नसेल तर त्याच्या माणसांस विचारावें. मुलांच्या हातीं आलेलें हें जातें मोठें गुणी आहे. त्याचा धाक धरण्याचें कारण नाहीं. त्यांनीं तें खुशाल फिरवावें. मात्र वैरण घालण्यापूर्वीं मूठ उघडून पाहावें कीं आपल्या हातांत दळण आहे कीं बियाणें.