भूल कोण देणार? ऑपरेशनसाठी कर्ज देण्याआधीचा प्रश्न



दिवाळीनंतर एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत जमा झाली, हप्ते झाले आणि एका ताईंनी ४०,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. लेकीचं ऑपरेशन करायचं होतं. पोरगी लहानपणी चुलीवरचं गरम पाणी सांडून भाजलेली. गळ्यावर मोठा व्रण, कातडी आखडलेली. आता स्थळं बघायची म्हणून ताई तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात पॅकेज ठरवून आल्या होत्या. खोली, औषधं, टाके काढणं, सगळं त्यात होतं.

मी विचारलं, "ताई, भूल कोण देणार?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टरच देतील की. एक इंजेक्शन तर असतं!"

आपल्यातल्या बहुतेकींना असंच वाटतं. म्हणून हा लेख.

भूल म्हणजे नुसतं इंजेक्शन नाही

भुलीचे ढोबळ चार प्रकार आहेत. तीळ किंवा चामखीळ काढताना तेवढीच जागा बधिर करतात, ती जागेपुरती भूल. सिझरला पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. काही वेळा गुंगी देतात. आणि मोठ्या ऑपरेशनला पूर्ण भूल देतात, तेव्हा बाई पूर्ण बेशुद्ध असते. बहुतेक वेळा तिचा श्वाससुद्धा नळीतून, मशीनवर चालवावा लागतो.

सर्जनचं लक्ष ऑपरेशनच्या जागेवर असतं. त्या वेळी श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांवर सतत नजर ठेवणारा दुसरा माणूस लागतो. तोच भूलतज्ज्ञ. भूल देऊन तो निघून जात नाही, ऑपरेशन संपून पेशंट नीट शुद्धीवर येईपर्यंत जबाबदारी त्याचीच असते.

"जागेपुरतीच भूल आहे, काही होत नाही," असंही सांगतात. पण चरबी काढण्यासारख्या ऑपरेशनात बधिर करायचं औषध जास्त लागतं. प्रमाणाबाहेर गेलं तर मेंदूवर आणि हृदयावर परिणाम होतो. म्हणून तिथेही जाणकार माणूस हवाच.

शिक्षण काय असावं?

एमबीबीएसनंतर भूलशास्त्रात तीन वर्षांचं एमडी, किंवा डीएनबी, किंवा दोन वर्षांचा डीए डिप्लोमा. शिवाय मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर डॉक्टरांची नोंदणी बघता येते. गटातल्या शिकलेल्या मुलीला मोबाइलवर बघायला सांगा. दवाखान्यातला मदतनीस, नर्स किंवा "आमचा अनुभवी माणूस" म्हणजे भूलतज्ज्ञ नव्हे.

विचारायचे प्रश्न

१. भूलतज्ज्ञांचं नाव, शिक्षण, नोंदणी क्रमांक काय?
२. ऑपरेशनच्या आधी ते स्वतः पेशंटला तपासणार का?
३. पूर्ण वेळ ते आत थांबणार का?
४. ऑक्सिजन, बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजण्याचं यंत्र, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर, घशातली लाळ ओढून घेणारं यंत्र, बंद पडलेलं हृदय सुरू करायला शॉक देणारं यंत्र आहे का?
५. तब्येत बिघडली तर आयसीयू कुठे? तिथपर्यंत कोण नेणार?
६. भूलतज्ज्ञांची फी पॅकेजमध्ये आहे का? बिलावर वेगळी दाखवणार का?

विचारायला लाजू नका. चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. उत्तर टाळत असतील तर तेही एक उत्तरच समजा.

आपणही लपवायचं नाही

दमा, शुगर, बीपी, फिट, रक्त कमी असणं, चालू गोळ्या, कुठल्या औषधाची ॲलर्जी, हलणारा दात, आधीच्या ऑपरेशनात झालेला त्रास, पाळी चुकलेली असणं, हे सगळं सांगायचं. मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल तर तेही. सासूबाई शेजारी असल्या म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना एकटीशी बोलायला सांगा.

उपाशी राहायला सांगतात ते उगाच नाही. भुलीत उलटी झाली तर पोटातलं अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. साधारणपणे हलक्या जेवणानंतर किमान सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास थांबतात, तेलकट-जड जेवण असेल तर आणखी जास्त. तुम्हाला सांगितलेली वेळ मात्र काटेकोर पाळा. चुकून चहा-बिस्किट खाल्लं तर तसं सांगा. ऑपरेशन पुढे गेलं तर जाऊ दे. नखांचं पॉलिशही काढून जा, कारण ऑक्सिजनचं यंत्र बोटालाच लावतात.

संमतीच्या कागदावर भुलीबद्दल काय लिहिलंय ते मराठीत समजून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा नको.

पुढे काय झालं?

त्या ताईंबरोबर मी दवाखान्यात गेले. "त्या दिवशी जे मिळतील त्यांना बोलावू," एवढंच उत्तर मिळालं. नाव नाही, तपासणी नाही. आम्ही परत फिरलो आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गेलो.

तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडमनी पोरीला मान वर करायला, तोंड उघडायला सांगितलं. मान जेमतेम हलली. मग त्यांनी समजावलं, "गळा आखडलेला असला की श्वासाची नळी घालणं अवघड जातं. आधी तयारी नसेल तर जिवावर बेतू शकतं." शिवाय पोरीला दमा होता. पहिल्या दवाखान्यात ते कुणी विचारलंच नव्हतं. दमा आटोक्यात आणायला ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकललं.

ऑपरेशन नीट झालं. व्रण पूर्ण गेला नाही, तसं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. गळ्याला अजून पट्टा आहे, पण पोरगी आता मान वर करून बोलते.

भाजून अवयव आखडला असेल तर ते फक्त दिसण्याचं दुखणं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. कर्ज त्यानंतर.

त्या गटानं आता इतिवृत्तात ठराव लिहिलाय: ऑपरेशनसाठी कर्ज मागितलं की रकमेबरोबर भूलतज्ज्ञांचं नावही विचारायचं. तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्याल ना?

तुमची क्षेत्र समन्वयक