एक डोळा, दोन पोटल्या

बुलढाण्याच्या नळांना पाणी येतं ते पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून. अशा एखाद्या धरणाचं न गाळलेलं पाणी मोठ्या माणसाकडून मागवा, काचेच्या ग्लासात ओता आणि उजेडाकडे धरा. बराच वेळ काही दिसणार नाही. मग एक पांढुरका ठिपका टुणकन उडेल. थांबेल. पुन्हा टुणकन! कचरा काही अशा उड्या मारत नाही.

भिंगाखाली पाहिलंत तर डोक्यावर मधोमध एकच डोळा दिसेल. मादी असेल तर शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या दोन पोटल्या, आठवडी बाजारातून आलेल्या मावशीच्या हातातल्या पिशव्यांसारख्या! हा सायक्लॉप्स. लांबी जेमतेम एक-दोन मिलिमीटर.

आजी हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधते ना? तिला विचारा, नारू आठवतो का. नारूची पिल्लं या सायक्लॉप्सच्या पोटात बसून माणसाच्या पोटात जायची आणि वर्षभराने पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा. ईऽऽ! पण साध्या फडक्यात सायक्लॉप्स अडकतो. पाणी गाळून गाळून आपण नारूला हाकललं, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला.

आता गंमत ऐका. पाणी शुद्ध करायलाही असेच बारके जीव राबतात! वाळूच्या संथ गाळणीत पाणी तासाला वीतभरसुद्धा खाली सरकत नाही. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने 1970 नंतरच्या दशकात या गाळणीचा खूप अभ्यास केला. नवी वाळू तितकं चांगलं काम करत नाही, तिला काही आठवडे मुरू द्यावं लागतं, लोणच्यासारखं. मग वर बुळबुळीत साय धरते. तिच्यात जिवाणू राहतात, त्यांना खायला रोटिफर येतात. तोंडाशी केसांची चक्रं फिरवत ते घास ओढतात. वाळूच्या कणांमधून सूत्रकृमी वळवळतात. चरता चरता सगळे मिळून पाणी साफ करतात.

पण कामगारांनी कारखान्यातच राहायला हवं. काही सूत्रकृमी क्लोरीनलाही दाद देत नाहीत आणि त्यांच्या पोटात जिवाणू लपून राहतात. म्हणून गाळलेलं पुष्कळ पाणी अगदी बारीक जाळीतून सोडतात, जाळीवर उरलेले जीव बशीत घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. रोजच्यापेक्षा एकदम जास्त निघाले, की समजायचं, वाळूत काहीतरी बिनसलंय.

मोजणं मात्र महाकठीण. सायक्लॉप्स एका जागी ठरत नाही, आणि रोटिफरला धक्का लागला की तो अंग चोरून गोळा होतो, ओळखूच येत नाही. यावर शास्त्रज्ञांकडे एक मजेदार उपाय आहे. मोजणीआधी ते या मंडळींना चक्क सोडावॉटर पाजतात. त्याने त्यांना गुंगी येते, हातपाय सैल पडतात, आणि मग कुठे हजेरी घेता येते.