फाइल कुणाची?

तिरोड्याच्या न्यायालयात धुऱ्याच्या वादाचा दावा असलेल्या शेतकऱ्याला ऐन रोवणीत पेशी आली, तर बांधी सोडून यावे लागते. दिवसभर थांबून हाती पुढची तारीख येते. वकीलसाहेब घाईत असतात, नीट बोलत नाहीत. मग मनात संशय शिरतो: हे समोरच्याला तर मिळाले नाहीत?

संशय बोलून दाखवण्याआधी रोजनामा पाहावा. दाव्याचा सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला, की मागच्या पेश्यांना काय घडले ते दिसते. तारीख न्यायाधीश रजेवर असल्याने पडली की आपल्याच वकिलाने मुदत मागितली म्हणून, हे कळले की भांडणाऐवजी नेमका प्रश्न विचारता येतो.

तरीही पटत नसेल, तर वकील बदलता येतो. मात्र दिवाणी दाव्यातले वकीलपत्र लेखी अर्ज देऊन, न्यायालयाच्या परवानगीनेच संपते. नवा वकील जुन्याची ना हरकत मागतो आणि घोडे पेंड खाते ते इथेच. ‘आधी फी, मग फाइल.’

सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हा प्रश्न निकाली काढला. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलांनी ९७,१०० रुपयांच्या फीसाठी फायली रोखल्या होत्या. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात न्यायालयाने ठरवले की फी थकली तरी वकिलाला फाइल अडवता येत नाही. वसुलीचा मार्ग वेगळा आहे. बार कौन्सिलने दिलेली १८ महिन्यांची बंदी ठपक्यावर आली, तत्त्व मात्र पक्के झाले. विक्रीपत्राची मूळ प्रत दुसऱ्याच्या कपाटात अडकलेल्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवे. फीची पावती मागायलाही त्याने संकोचू नये. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नसला, की कोण कुणाचे देणे लागतो हेच ठरत नाही.

गैरवर्तनाची तक्रार १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली मुंबईतल्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे जाते. दावा हरणे म्हणजे गैरवर्तन नव्हे. ग्राहक आयोगाची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या १४ मे २०२४ च्या निकालाने बंद झाली आहे.

नव्या वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना तिथे उत्पन्नाची अट नाही.