एका नगरपालिकेचा हिशेब

उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचे नाव निघाले की बाँबस्फोट, लष्कराची गस्त आणि कॅथलिक-प्रॉटेस्टंटांचे हाडवैर डोळ्यांपुढे येते. हे शतकानुशतकांचे धर्मभांडण आहे, त्याला इलाज नाही, असे म्हणून बहुतेक जण तो विषय संपवतात. या म्हणण्यात इतिहासाचा काही अंश आहे, हे खरे. तथापि या शहराचे सार्वजनिक जीवन नेमके कोठे नासले, हे त्यातून कळत नाही. ते समजून घ्यायचे तर तेथील नगरपालिकेचे दप्तरच उघडावे लागते.

१९६७ साली या नगरपालिकेत २० जागा होत्या आणि शहराचे तीन प्रभाग पाडलेले होते. दक्षिण प्रभागात १०,०४७ कॅथलिक व १,१३८ इतर मतदार असून त्याला ८ जागा होत्या. उत्तर प्रभागात २,५३० कॅथलिक व ३,९४६ इतर मतदार होते. त्यालाही ८ जागा. नदीपलीकडच्या वॉटरसाइड प्रभागात १,८५२ कॅथलिक व ३,६९७ इतर मतदार आणि ४ जागा. बेरीज केली तर कॅथलिक मतदार १४,४२९ आणि इतर ८,७८१ भरतात. परंतु सभागृहात मात्र ब्रिटनशी जोडलेले राहू इच्छिणाऱ्या युनियनिस्ट पक्षाचे १२ सभासद आणि विरोधकांचे ८! दक्षिण प्रभागात सुमारे १,४०० मतदारांमागे एक सभासद, तर उत्तरेत सुमारे ८०० मतदारांमागे एक. मतपेटीत एकही खोटे मत न टाकता अल्पसंख्येचे बहुमत कसे करता येते, याचा हा नमुना होता.

मताधिकाराचीही तीच गत होती. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर स्थानिक निवडणुकांतही सर्व प्रौढांना मत मिळाले. उत्तर आयर्लंडच्या सरकारने मात्र जुनाच नियम चालू ठेवला. नगरपालिकेसाठी मत कोणाला, तर घराचा मालक किंवा मुख्य भाडेकरू याला आणि त्याच्या जोडीदाराला. पोटभाडेकरूला मत नाही, आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या पंचविशीतल्या मुलाला नाही. उलट कंपन्यांना मिळकतीच्या मूल्यानुसार सहापर्यंत जादा मते.

या नियमाचा अर्थ अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला फोडून सांगावा लागणार नाही. घर देणे म्हणजे दोन मते देणे, आणि घरे बांधून वाटणारी संस्था नगरपालिकाच! डेरीत हे वाटप महापौरांच्या हाती होते. त्यासाठी गरजेनुसार गुण देण्याची कोणतीही पद्धत नव्हती. कॅथलिक कुटुंबांना इतर प्रभागांत घरे दिली तर मतांचे गणित बिघडणार, म्हणून ती दक्षिण प्रभागातच दाटीने बसवण्यात आली. तेथील जमीन संपत आली तेव्हा प्रभागाची हद्द ओलांडण्याऐवजी बॉगसाइड वस्तीत रॉसव्हिल फ्लॅट्स या उंच इमारती उभ्या राहिल्या. एकेका घरात दोन-दोन कुटुंबे कोंबून राहत होती, आणि मत त्यांतील एकालाच होते.

या शहरात समंजस माणसे नव्हती असे नाही. जॉन ह्यूम या तरुण शिक्षकाने १९६० मध्ये सहकाऱ्यांसह तेथे पतपेढी उभारली. उत्तर आयर्लंडचे दुसरे विद्यापीठ डेरीला मिळावे या मागणीसाठी १९६५ च्या फेब्रुवारीत जो मोर्चा प्रांतिक सरकारकडे गेला, त्याचे नेतृत्व ह्यूम यांनी केले, आणि त्यात शहराचे युनियनिस्ट महापौरही सामील झाले. दोन्ही समाजांना एकत्र आणणारी ही मागणी होती. सरकारने विद्यापीठ दिले ते कोलरेन या लहान गावाला. सनदशीर मार्गाने काही मिळते, यावरचा लोकांचा विश्वास त्या दिवशी किती उणावला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पुढचा क्रम जगाला ठाऊक आहे. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी घरे व मताधिकार यांसाठी निघालेल्या बंदी घातलेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि ती दृश्ये दूरचित्रवाणीवर घरोघर दिसली. नोव्हेंबरमध्ये सरकार हलले. नगरपालिका बाजूला सारून विकास आयोग नेमण्याचे ठरले, घरवाटपासाठी गुणपद्धतीचे आश्वासन दिले गेले आणि कंपन्यांची जादा मते रद्द करण्याचे मान्य झाले. प्रत्येक प्रौढाला एक मत, ही मूळ मागणी तेवढी मागे ठेवण्यात आली. ती १९६९ च्या एप्रिलमध्ये मान्य झाली खरी. पण तोवर वेळ निघून गेली होती. त्याच ऑगस्टमध्ये बॉगसाइडमध्ये दंगल पेटली आणि ब्रिटिश लष्कर रस्त्यावर आले. ३० जानेवारी १९७२ रोजी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांवर सैनिकांनी गोळीबार केला. १३ जण ठार झाले व एक जखमी पुढे मरण पावला. हे हत्याकांड त्याच रॉसव्हिल फ्लॅट्सच्या परिसरात घडले. न्याय्य मागणी मान्य करण्यास लागलेल्या विलंबाची भरपाई पुढे तीस वर्षे चालू राहिली आणि साऱ्या प्रांतात साडेतीन हजारांहून अधिक माणसे त्यात गेली.

या हिशेबाला जमेची बाजूही आहे. १९७३ मध्ये स्थानिक निवडणुका एकल संक्रमणीय मतपद्धतीने झाल्या. आपल्याकडे राज्यसभेचे सदस्य निवडताना आमदार हीच पद्धत वापरतात. तीत मतदार पसंतिक्रम देतो आणि अल्पमतातील गटालाही त्याच्या संख्येच्या प्रमाणात जागा मिळतात. डेरीला ती नवी नव्हती. १९२० मध्ये तिनेच निवडणूक होऊन कॅथलिक महापौर आला होता, आणि १९२२ मध्ये सरकारने ती रद्द केली होती. आता पन्नास वर्षांनी बहुमत पुन्हा आयर्लंडवादी पक्षांकडे आले. जुने उट्टे काढण्याची ही संधी होती. त्यांनी ते केले नाही. महापौरपद आळीपाळीने निरनिराळ्या पक्षांना, युनियनिस्टांनाही, देण्याची प्रथा या पालिकेत पडली. ज्या गिल्डहॉलमध्ये हा कारभार चाले, त्यातच १९७२ मध्ये बाँबस्फोट झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या संयमाची किंमत कळते. सत्तेत वाटा देण्याचे जे तत्त्व १९९८ च्या शांतता कराराने साऱ्या प्रांताला लागू केले, त्याचा सराव हे शहर आधीपासूनच करीत होते. ह्यूम यांना त्याच वर्षी शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्थात सभागृहातील समेटाने वस्ती एक झाली नाही. संघर्षाच्या काळात फॉइल नदीच्या पश्चिम तीरावरील बहुतेक प्रॉटेस्टंट कुटुंबे पूर्वेस निघून गेली. २०११ मध्ये नदीवर शांतता पूल झाला. पायी ये-जा वाढली, तरी एकदा उठलेले बिऱ्हाड पुलामुळे परत येत नाही. गोळीबारात मेलेले लोक निर्दोष होते, हे सरकारी चौकशीने मान्य करून ब्रिटिश पंतप्रधानांनी क्षमा मागितली तीदेखील २०१० मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी.

डेरीत हद्दीच्या रेषा आखणारे, घरांच्या याद्या करणारे आणि मतदारयादीवर सही करणारे लोक कोणी क्रूरकर्मे नव्हते. ती कार्यालयात बसून नियमाप्रमाणे काम करणारी माणसे होती. शहरे आधी अशा कागदांवर दुभंगतात, रस्त्यावरचा रक्तपात मागाहून येतो. म्हणूनच प्रभागरचना, घरवाटप आणि मतदारयादी ही रूक्ष प्रकरणे केवळ पालिकेच्या कारकुनांवर आणि पुढाऱ्यांवर सोपवून नागरिकांना स्वस्थ बसता येत नाही. ती वेळीच तपासण्याचे कष्ट कंटाळवाणे असतात. ते टाळल्याची किंमत डेरीच्या दप्तरात नोंदलेली आहे.